वृत्तिदर्शक क्रियापदे, इंग्रजीतील

वाक्यात सांगितलेल्या घटनेविषयी बोलणाऱ्याची खात्री, शंका, इच्छा, आशा, भीती, अनुमती किंवा आग्रह व्यक्त करणाऱ्या साहाय्यक क्रियापदांचा इंग्रजी भाषेतील एक छोटा वर्ग. ‘कॅन’, ‘कुड’, ‘मे’, ‘माइट’, ‘शॅल’, ‘शुड’, ‘विल’, ‘वुड’ आणि ‘मस्ट’ ही नऊ क्रियापदे या वर्गाचा गाभा होत. ‘ऑट टू’, ‘नीड’ व ‘डेअर’ यांचे काही गुणधर्म या वर्गाचे व काही सामान्य क्रियापदांचे असल्याने ती त्याच्या सीमेवर मोडतात. ‘पाऊस पडतो आहे’ हे विधान केवळ वस्तुस्थिती सांगते; परंतु ‘पाऊस पडत असावा’, ‘पाऊस पडेल’, ‘पाऊस पडो’, ‘पाऊस पडला पाहिजे’ या वाक्यांत त्याच घटनेकडे पाहण्याची बोलणाऱ्याची दृष्टीही प्रकट होते. हा भेद मराठी प्रामुख्याने क्रियापदाच्या रूपांनी दाखविते, तर इंग्रजी मुख्यतः स्वतंत्र साहाय्यक शब्दांनी.

पारंपरिक मराठी व्याकरणात या कल्पनेस ‘अर्थ’ अशी संज्ञा असून स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे त्याचे प्रकार मानले जातात. मोरो केशव दामले (१८६८–१९१३) यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरण (१९११) या ग्रंथात त्यांचा विस्तृत विचार आढळतो. शब्दाचा अर्थ आणि क्रियापदाचा ‘अर्थ’ यांत घोटाळा होऊ नये म्हणून प्रस्तुत नोंदीत ‘वृत्ती’ ही संज्ञा वापरली आहे.

रूपविशेष : या क्रियापदांना वर्तमानकाळी तृतीय पुरुषी एकवचनाचा प्रत्यय लागत नाही. ‘ही कम्स’ असे होते. पण ‘ही कॅन’ असेच म्हणावे लागते. त्यांना भाववाचक रूपे व धातुसाधिते नाहीत. त्यामुळे ‘टू मस्ट’ किंवा ‘मस्टिंग’ अशी रूपे होत नाहीत. त्यांच्यानंतर येणारे मुख्य क्रियापद मूळ रूपात असते. निषेधार्थी ‘नॉट’ त्यांना थेट जोडला जातो व प्रश्न करताना ती कर्त्याच्या आधी येतात. प्रमाण इंग्रजीत एका क्रियापदसमूहात या वर्गातील एकच शब्द येऊ शकतो. तथापि स्कॉटलंडमधील व अमेरिकेच्या दक्षिण भागातील काही बोलींत ‘माइट कुड’ यांसारख्या जोड्या आढळतात.

ऐतिहासिक विकास : वरील वैचित्र्यांचे मूळ इतिहासात आहे. प्राचीन इंग्रजीत हे शब्द बव्हंशी स्वतंत्र क्रियापदे होती. ‘कॅन’चे पूर्वरूप ‘जाणणे’, ‘मे’चे ‘बळ असणे’, ‘विल’चे ‘इच्छिणे’ आणि ‘शॅल’चे ‘देणे लागणे’ या अर्थी वापरले जाई. ‘शॅल’शी सजातीय असलेला जर्मन ‘शुल्ड’ हा शब्द आजही ऋण व अपराध या दोन्ही अर्थांनी रूढ आहे. ‘मस्ट’ हे मुळात ‘मुभा असणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे भूतकाळी रूप; ते पुढे वर्तमानकाळी व सक्तीच्या अर्थी स्थिर झाले. ‘ऑट’ हेही ‘मालकीचे असणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप होय.

यांपैकी ‘विल’ सोडून बहुतेक क्रियापदांची वर्तमानकाळी रूपे अतिप्राचीन जर्मानिक अवस्थेतील भूतकाळी रूपांपासून बनलेली होती. भूतकाळी रूपाला तृतीय पुरुषी प्रत्यय नसल्यामुळे तो त्यांना मिळाला नाही. पुढे नवी भूतकाळी रूपे (‘कुड’, ‘माइट’, ‘शुड’) तयार झाली. ‘मस्ट’ला मात्र तसे रूप उरले नाही आणि म्हणून गतकाळातील सक्ती सांगण्यासाठी ‘हॅड टू’ या रचनेचा आश्रय घ्यावा लागतो. सोळाव्या शतकाच्या सुमारास या क्रियापदांचा थेट कर्म घेण्याचा गुण व त्यांची धातुसाधिते बहुतांशी लोपली. डेव्हिड लाइटफुट यांनी १९७९ मध्ये हा बदल व्याकरणव्यवस्थेतील एक आकस्मिक पुनर्रचना असल्याचे प्रतिपादन केले. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी तो शब्दागणिक व क्रमाक्रमाने घडून आल्याचे दाखविण्याचा प्रयत्न केला.

वृत्तीचे प्रकार : शक्यता व अपरिहार्यता यांचा विचार ॲरिस्टॉटलपासून तर्कशास्त्रात होत आला आहे. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) यांनी १९२४ मध्ये वृत्तींची एक यादी देऊन त्यांचे इच्छेचा अंश असणाऱ्या व नसणाऱ्या असे दोन गट केले. फिनलंडमधील तत्त्वज्ञ गेऑर्ग हेन्रिक फॉन व्रिग्ट (१९१६–२००३) यांनी १९५१ मध्ये ज्ञानविषयक व कर्तव्यविषयक वृत्तींमधील भेद तर्कशास्त्राच्या चौकटीत मांडला. जॉन लायन्स व फ्रँक पामर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञांच्या १९७०–८० च्या दशकांतील लेखनामुळे तो भाषाभ्यासात रूढ झाला.

सामान्यतः तीन प्रकार मानले जातात : (१) ज्ञानविषयक वृत्ती, हिच्यात विधानाच्या खरेपणाबद्दलचा बोलणाऱ्याचा निर्णय असतो. (२) कर्तव्यविषयक वृत्ती. हिच्यात अनुमती, आज्ञा व बंधन यांचा अंतर्भाव होतो. (३) सामर्थ्यविषयक वृत्ती. ही कर्त्याच्या अंगचे बळ किंवा तयारी दर्शविते. एकच क्रियापद एकाहून अधिक प्रकारांत वावरते, हे इंग्रजीचे वैशिष्ट्य व शिकणाऱ्याची मुख्य अडचण होय. ‘यू मस्ट बी केअरफुल’ म्हणजे ‘तू जपून वागले पाहिजेस’. पण ‘यू मस्ट बी टायर्ड’ म्हणजे ‘तू दमला असशील’. पहिल्या वाक्यात बंधन आहे, तर दुसऱ्यात अनुमान. अँजेलिका क्रॅट्झर यांनी १९७७ पासून असा विचार मांडला, की हे निरनिराळे अर्थ मानण्याऐवजी ‘मस्ट’ व ‘कॅन’ यांचा गाभा एकच मानावा आणि तो कशाच्या आधारे लावायचा – कायद्याच्या, हाती असलेल्या माहितीच्या की इच्छेच्या – हे प्रसंगावरून ठरते असे समजावे. ईव्ह स्वीट्सर यांनी १९९० मध्ये याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले : बाह्य जगातील बळ व अडथळा यांची कल्पनाच विचाराच्या क्षेत्रात नेली जाते. नियम माणसास एखादे कृत्य करावयास लावतो, तसा पुरावा मनास निष्कर्षाकडे लोटतो.

इतिहासाचा क्रमही याला जुळणारा आहे. अनेक भाषांत सामर्थ्य व बंधन दर्शविणारे अर्थ आधीचे, तर अनुमानाचे अर्थ नंतरचे असल्याचे आढळते. इंग्रजी भाषक बालकेदेखील या क्रियापदांचा सामर्थ्य व अनुमती या अर्थी उपयोग आधी आणि अनुमानार्थी उपयोग नंतर आत्मसात करतात.

विश्वास व अनुमान : समजा, संध्याकाळी एखाद्याच्या घरासमोर उभे राहून तो घरी आहे किंवा नाही हे आपण ठरवीत आहोत. तो प्रत्यक्ष दिसला, तर ‘ही इज ॲट होम’ असे म्हटले जाईल. खिडकीत दिवा व दाराशी त्याच्या वहाणा दिसल्या, तर ‘ही मस्ट बी ॲट होम’ (तो घरी असलाच पाहिजे). या वेळी तो नेहमी घरी असतो एवढेच ठाऊक असेल, तर ‘ही विल बी ॲट होम’ (तो घरी असेल). त्याच्या कचेरीच्या वेळेवरून हिशेब केला, तर ‘ही शुड बी ॲट होम’ (एव्हाना तो घरी असायला हवा). काहीच आधार नसल्यास ‘ही मे बी ॲट होम’ (कदाचित तो घरी असेल), आणि शक्यता आणखी दुरावल्यास ‘माइट’. दाराला बाहेरून कुलूप दिसल्यास ‘ही कान्ट बी ॲट होम’ (तो घरी असणे शक्य नाही).

या श्रेणीत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, ‘मस्ट’ हा खात्रीचा शब्द असला, तरी प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीसाठी तो वापरीत नाहीत. तो उच्चारताच ऐकणाऱ्यास ‘हे अनुमान आहे’ असे कळते. दुसरी म्हणजे, होकारार्थी ‘कॅन’ या श्रेणीत बसत नाही. ‘मे महिन्यात येथे पाऊस पडू शकतो’ यासारखी सर्वसाधारण शक्यता तो सांगतो. आज, या क्षणी काय असेल याचा अंदाज सांगण्यासाठी ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’ लागतो.

आशा व इच्छा : मनात असलेली आशा इंग्रजीत दोन रीतींनी व्यक्त होते. पहिल्या रीतीत ‘होप’, ‘विश’ यांसारखे मनोव्यापारवाचक क्रियापद येते व गौण वाक्यात वृत्तिदर्शक क्रियापद असते. ‘आय होप ही विल कम’ यात येणे शक्य कोटीतले मानले आहे. ‘आय विश ही वुड कम’ यात तो येईल असा भरवसा उरलेला नाही व बहुधा तक्रारीचा सूर आहे. ‘आय विश आय कुड कम’ यात येणे जमणार नाही हे मान्यच केलेले आहे. दुसऱ्या रीतीत केवळ ‘मे’ वाक्यारंभी येतो : ‘मे यू लिव्ह लाँग’ (दीर्घायुषी हो). या आशीर्वादपर रचनेत ‘मे’ कर्त्याच्या आधी येत असूनही वाक्य प्रश्नार्थक नसते. आज ती औपचारिक व धार्मिक प्रसंगांपुरतीच उरली आहे.

‘शुड’मध्ये आशेची एक सूक्ष्म छटा दडलेली असते. ‘औषधाने एव्हाना गुण यायला हवा’ या अर्थी ‘शुड’ सहज येतो. परंतु ‘एव्हाना दुखणे बळावले असेल’ असा अंदाज बोलून दाखविताना इंग्रजी भाषक सामान्यतः ‘शुड’ टाळतात. जे व्हावे असे वाटते व जे होईल असे वाटते, त्यांचे मूळ नाते या शब्दात टिकून राहिले आहे.

भीती व शंका : भीतीत दोन घटक असतात : घटना घडण्याची शक्यता व ती न घडावी ही इच्छा. पहिला घटक ‘मे’ व ‘माइट’ सांगतात, दुसरा ‘फिअर’, ‘अफ्रेड’ यांसारखे शब्द. ‘आय फिअर ही मे बी इल’ (तो आजारी तर नसेल ना, अशी मला भीती वाटते) या वाक्यात शंका दोनदा आली असली, तरी ती दुप्पट होत नाही. दोन शब्द एकाच वृत्तीचा परस्परांस पोषक असा उच्चार करतात. लायन्स यांनी याला वृत्तींची सुसंवादिता मानले आहे. ‘लेस्ट’ या अव्ययानंतर येणारा ‘शुड’ ही भीतीची जुनी, ग्रांथिक रचना होय. तिच्यात एखादी गोष्ट घडू नये म्हणून घेतलेली खबरदारी सूचित होते. सौजन्याच्या भाषेत ‘आय ॲम अफ्रेड’ या शब्दांतील भीती ओसरून नकार सौम्य करण्याचे कार्य तेवढे उरले आहे. ‘डेअर’ (धजणे) हे क्रियापद भीतीच्या विरुद्ध बाजूचे. ते प्रायः निषेधात, प्रश्नात व ‘हाउ डेअर यू’ या संतापाच्या उद्गारात आढळते.

भूतकाळी रूपांचे कार्य : ‘कुड’, ‘माइट’, ‘शुड’ व ‘वुड’ ही रूपाने भूतकाळी असली, तरी काळापेक्षा अंतर दाखविण्याचे काम अधिक करतात. हे अंतर वास्तवापासूनचे (असंभाव्यता) किंवा श्रोत्यापासूनचे (आदब) असू शकते. म्हणूनच ‘कॅन यू’पेक्षा ‘कुड यू’ ही विनंती अधिक आर्जवाची ठरते. खरा गतकाळ दाखविण्यासाठी ‘हॅव’ व भूतकाळवाचक धातुसाधित जोडावे लागते : ‘मस्ट हॅव गॉन’ (गेला असला पाहिजे), ‘शुड हॅव गॉन’ (जायला हवे होते), ‘कुड हॅव गॉन’ (जाऊ शकला असता). यांतील ‘शुड हॅव’ ही पश्चात्तापाची व दोषारोपाची रचना होय. ‘ही मे हॅव ड्राउन्ड’ म्हणजे तो बुडाला असण्याची शक्यता आहे; काय झाले ते अद्याप माहीत नाही. ‘ही माइट हॅव ड्राउन्ड’ हे मात्र पुष्कळदा ‘तो बुडाला असता, पण वाचला’ या अर्थी येते. अलीकडच्या वापरात हा भेद पुसट होत असला, तरी दुर्घटनेचे वृत्त देणाऱ्यास व त्याचा अनुवाद करणाऱ्यास तो विसरून चालत नाही.

निषेध : निषेध नेमका कशाचा, यावर अर्थ अवलंबून असतो. ‘यू मस्ट नॉट टेक इट’ म्हणजे ‘हे घेऊ नये’. ‘यू नीड नॉट टेक इट’ म्हणजे ‘हे घेण्याची गरज नाही’. पहिल्यात न घेण्याचे बंधन आहे, दुसऱ्यात घेण्याच्या बंधनाचा अभाव. औषधाच्या वेष्टनावर या दोहोंची अदलाबदल धोकादायक ठरू शकते. मराठीतही ‘घ्यायला नको’ हा प्रयोग दोन्हींकडे झुकू शकतो, म्हणून अशा ठिकाणी ‘घेऊ नये’ व ‘गरज नाही’ हीच रूपे निःसंदिग्ध होत. ‘मे नॉट’ तर स्वतःच द्व्यर्थी आहे : ‘ही मे नॉट गो’ याचा अर्थ ‘त्याला जाण्याची परवानगी नाही’ असाही होतो व ‘तो कदाचित जाणार नाही’ असाही.

‘शॅल’ व ‘विल’ : जॉन वॉलिस (१६१६–१७०३) यांनी १६५३ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात असा नियम दिला, की प्रथम पुरुषी ‘शॅल’ केवळ भविष्य सांगतो व ‘विल’ वचन किंवा धमकी देतो; द्वितीय व तृतीय पुरुषी हे उलट होते. हा नियम अनेक पिढ्या पाठ्यपुस्तकांतून शिकविला गेला. त्याच्या समर्थनार्थ एक विनोदी कथा सांगितली जाई. पाण्यात पडलेला एक परदेशी मनुष्य ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असे ओरडला. तीरावरच्या व्याकरणनिष्ठ मंडळींनी ‘मी बुडणारच, कोणीही मला वाचवता कामा नये’ असा अर्थ घेऊन त्याला बुडू दिले. भीतीचा आक्रोश निश्चयाचा उद्गार समजला गेला, ही त्यातील गंमत. प्रत्यक्ष बोलीत हा नियम पूर्णपणे कधीच पाळला गेला नाही. स्कॉटलंड, आयर्लंड व अमेरिका येथे तर ‘विल’चेच प्राबल्य राहिले.

विधिव्यवहारातील महत्त्व : कायद्यात ‘शॅल’ कर्तव्य व ‘मे’ अधिकार किंवा मुभा सुचवितो, असे सामान्यतः मानले जाते. तथापि शब्दावरून निर्णय होतोच असे नाही. ज्यूलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप या १८८० मधील खटल्यात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने असे तत्त्व मांडले, की मुभादर्शक शब्द स्वतः केवळ अधिकार देतात. परंतु ज्या परिस्थितीत व ज्यांच्यासाठी तो अधिकार दिला, तिच्यामुळे त्याचा वापर करणे हे कर्तव्य ठरू शकते. याउलट उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव (१९५७) या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने, संविधानाच्या अनुच्छेद ३२० मध्ये लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबाबत ‘शॅल’ असूनही, ती तरतूद निदेशात्मक आहे व सल्ला न घेतल्याने कारवाई रद्द ठरत नाही, असा निर्णय दिला. नोकरी जाणे वा राहणे हे अशा रीतीने एका साहाय्यक क्रियापदाच्या अर्थावर अवलंबून राहू शकते. अमेरिकेत संघीय दिवाणी कार्यपद्धतीच्या नियमांची २००७ मध्ये पुनर्रचना करताना ‘शॅल’ वगळून त्याऐवजी ‘मस्ट’, ‘मे’ व ‘शुड’ यांची प्रसंगानुरूप योजना करण्यात आली. संगणकजालाच्या तांत्रिक मानकांसाठी ‘मस्ट’, ‘शुड’ व ‘मे’ यांच्या अर्थांची निश्चिती १९९७ मध्ये करण्यात आली. मराठी विधी-अनुवादात ‘शॅल’साठी सामान्यतः साधा भविष्यकाळ (‘करील’, ‘असेल’) व ‘मे’साठी ‘करता येईल’ ही रचना योजतात.

मराठीशी तुलना : मराठीत ही वृत्ती आख्यात-प्रत्ययांनी (‘जावे’, ‘जावो’, ‘जाईल’, ‘जाता’) तसेच ‘शकणे’, ‘लागणे’, ‘पाहिजे’, ‘हवे’, ‘येणे’ यांच्या साहाय्याने व्यक्त होते. दोन्ही भाषांत अर्थविकासाच्या वाटा पुष्कळदा सारख्या आहेत. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणी रूप. ‘मला पुस्तक पाहिजे’ यात इच्छा, ‘मला गेले पाहिजे’ यात बंधन व ‘तो गेला असला पाहिजे’ यात अनुमान आहे. ‘मी त्याचे शंभर रुपये लागतो’ व ‘मला जावे लागते’ या वाक्यांत ऋणापासून सक्तीपर्यंतचा, ‘शॅल’च्या पूर्वेतिहासाशी जुळणारा, संबंध दिसतो. भविष्यकाळी ‘असेल’ने वर्तमानाविषयी अंदाज करण्याची लकबही इंग्रजी ‘विल बी’सारखीच आहे. भीतीसाठी मात्र मराठीजवळ ‘येईल की काय’, ‘न जाणो’ असे स्वतंत्र वाक्प्रयोग आहेत. त्यांचा इंग्रजी अनुवाद केवळ ‘मे’ने केल्यास शक्यता तेवढी उरते व धास्ती नाहीशी होते. उलट दिशेने पाहता, ‘शुड’ व ‘मस्ट’ या दोहोंसाठी ‘पाहिजे’ हा एकच शब्द योजल्यास सल्ला व सक्ती यांतील सीमा पुसली जाते.

आधुनिक प्रवृत्ती : जेफ्री लीच (१९३६–२०१४) यांनी १९६१ व १९९१–९२ या वर्षांतील मुद्रित इंग्रजीच्या प्रत्येकी सुमारे दहा लाख शब्दांच्या तुल्य संग्रहांची तुलना करून २००३ मध्ये असे दाखविले, की या तीस वर्षांत वृत्तिदर्शक क्रियापदांचा एकूण वापर ब्रिटिश इंग्रजीत सुमारे साडेनऊ टक्के व अमेरिकन इंग्रजीत सुमारे बारा टक्के घटला. ब्रिटिश इंग्रजीत ‘शॅल’ व ‘ऑट’ चाळीस टक्क्यांहून अधिक, तर ‘मस्ट’ सुमारे २९ टक्के कमी झाला. ‘हॅव टू’, ‘नीड टू’, ‘बी गोइंग टू’ यांसारख्या रचनांनी त्यांच्या कार्याचा काही भाग उचलला आहे. आज्ञेचा थेट सूर टाळण्याकडे असलेला सामाजिक कल, हे ‘मस्ट’च्या ऱ्हासाचे एक कारण म्हणून सांगितले जाते. शब्द बदलले, तरी त्यांमागील गरज मात्र कायम आहे. जे आहे ते सांगण्याइतकेच जे असेल, जे असावे व जे न होवो असे वाटते ते सांगणे, हे कोणत्याही भाषेचे आवश्यक कार्य होय. आणि ऐकणाऱ्याने यांपैकी काय सांगितले जात आहे हे ओळखणे, हा त्या भाषेच्या आकलनाचा महत्त्वाचा भाग होय.